खंजीर अस्सल, पण कितपत?

जर्मनीत ३० जून १९३४ रोजी हिटलरने आपल्याच पक्षाच्या निमलष्करी दलाचा प्रमुख अर्न्स्ट रोएम याला अटक केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यानंतर लगेचच या दलाच्या, म्हणजे ‘एसए’च्या हजारो सदस्यांना एक विचित्र आदेश मिळाला. त्यांच्या कमरेला लटकणाऱ्या खंजिराच्या पात्यावर, मागच्या बाजूस, ‘हार्दिक मैत्रीने, अर्न्स्ट रोएम’ अशा अर्थाची जर्मन ओळ रोएमच्याच हस्ताक्षरात कोरलेली होती. ती त्यांनी घासून काढायची होती. कालपर्यंत मानाची असलेली ओळ एका रात्रीत धोक्याची ठरली होती. कोणी केवळ नाव घासले, कोणी संपूर्ण ओळ घासून टाकली, तर कोणी आदेशाकडे काणाडोळा करून खंजीर तसाच दडवून ठेवला.

आज नव्वद वर्षांनंतर संग्राहकांच्या बाजारात या तिन्ही प्रकारांना मागणी आहे. ओळ शाबूत असलेल्या पात्याला साध्या पात्याच्या कित्येक पट किंमत येते. पुसट अक्षरे शिल्लक असलेल्या पात्यालाही साध्यापेक्षा अधिक मोल मिळते. साहजिकच साध्या पात्यावर ही ओळ नव्याने कोरणारे कारागीर निर्माण झाले. त्याहून कौतुकाची म्हणा वा खेदाची गोष्ट अशी, की जिथे ओळ कधीच नव्हती तिथे पाते घासून ‘येथे ओळ होती’ असा आभास निर्माण करणारेही निर्माण झाले. इतिहासातील खाडाखोडीचीच ही नक्कल झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खंजिरांच्या अस्सलपणाचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. ‘खरा की खोटा’ असा दोनच उत्तरांचा हा प्रश्न नाही. खंजीर पूर्णपणे त्या काळचा असू शकतो, पूर्णपणे आजचा असू शकतो. आणि या दोन टोकांच्या मध्ये असंख्य पायऱ्या आहेत. पाते त्या काळचे पण मूठ आजची, सगळे भाग त्या काळचे पण वेगवेगळ्या खंजिरांतून एकत्र आणलेले, खंजीर अस्सल पण त्यावरील लेख बनावट, असे नाना प्रकार बाजारात फिरत असतात. ज्याची फसवणूक होते तो बहुतेकदा या मधल्या पायऱ्यांवरच फसतो. संपूर्ण बनावट वस्तू ओळखणे त्या मानाने सोपे असते.

या खंजिरांची जन्मभूमी म्हणजे पश्चिम जर्मनीतील झोलिंगन हे शहर. मध्ययुगापासून तलवारी आणि सुऱ्या घडवणाऱ्या या शहराची ‘पात्यांचे शहर’ अशीच ओळख आहे. त्याच्या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून १९३८ मध्ये जर्मनीत स्वतंत्र कायदाच करण्यात आला होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा मंदीने ग्रासलेल्या या शहरातील कारखान्यांना गणवेशाच्या खंजिरांच्या रूपाने मोठे काम मिळाले. डिसेंबर १९३३ मध्ये ‘एसए’ आणि ‘एसएस’ या दोन्ही दलांसाठी खंजीर मंजूर झाले. त्यांचा घाट नवा नव्हता. सोळाव्या शतकातील स्विस खंजिराचा तो घाट होता. चित्रकार हान्स होल्बाइन याने अशा खंजिरांच्या म्यानांसाठी नक्षीची रेखाटने केली होती, त्यामुळे या घाटाला त्याचेच नाव चिकटले. पुढे १९३५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांचा, १९३७ मध्ये हवाई दलाचा नवा, असे एकेक नमुने येत गेले. रेल्वे, मुत्सद्दी सेवा, अग्निशमन दल यांच्यासाठीही खंजीर आले आणि गणवेशाची हौस असलेल्या त्या राजवटीत जवळपास प्रत्येक खात्याच्या कमरेला काही ना काही लटकू लागले.

एक गोष्ट येथेच सांगून टाकली पाहिजे. यातील बहुसंख्य खंजीर लढाईसाठी नव्हतेच. ते मिरवण्याचे दागिने होते. रणांगणावर जर्मन सैनिकाच्या हाती असे ती बंदुकीची संगीन, नाही तर बुटात खोचायचा साधा सुरा. युद्ध लांबले, धातू आणि मनुष्यबळ दुर्मीळ झाले, तेव्हा या शोभेच्या खंजिरांचे उत्पादन थांबत गेले. त्यामुळे ‘स्टालिनग्राडच्या लढाईत वापरलेला’ असे सांगून गणवेशाचा चकचकीत खंजीर कोणी पुढे केला, तर खंजीर पाहण्याआधी सांगणाऱ्याकडे नीट पाहावे.

‘एसए’चा खंजीर हा परीक्षेचा उत्तम नमुना आहे, कारण तो मोठ्या संख्येने बनला आणि त्याच्या घडणीचे टप्पे स्पष्ट आहेत. सुमारे २२ सेंटिमीटर लांबीचे, मध्यभागी उंच कणा असलेले दुधारी पाते. त्यावर ‘सर्व काही जर्मनीसाठी’ या अर्थाचे घोषवाक्य. गडद तपकिरी लाकडी मूठ. मुठीत जडवलेला गरुड आणि वरच्या बाजूस मिन्याच्या कामाचे गोल चिन्ह. मुठीच्या वर व खाली धातूच्या आडव्या पट्ट्या, ज्यांना आपल्याकडे तलवारीच्या भाषेत परज म्हणता येईल. आणि पोलादी म्यान. पात्याचा शेपटासारखा भाग मुठीतून आरपार जातो आणि त्याच्या टोकावर बसवलेल्या चाकीने सारे काही आवळले जाते. पाच-सहा सुटे भाग आणि एक चाकी, एवढाच हा मामला. भाग सहज सुटे होतात हीच या वस्तूची खोड आहे, कारण जे सुटे होते ते बदलताही येते.

तपासणीची सुरुवात जाणकार पात्याच्या पृष्ठभागापासून करतात, अक्षरांपासून नव्हे. झोलिंगनमध्ये या पात्यांना अखेरचा हात देताना लांबीच्या दिशेने नव्हे तर आडव्या दिशेने घासले जाई. त्यामुळे पात्यावर धारेकडून कण्याकडे जाणाऱ्या अतिशय बारीक आडव्या रेषा उमटत. प्रकाशात पाते तिरपे धरले की या रेषा रेशमी कापडासारख्या चमकतात. बनावट पात्यावर बहुधा आरशासारखी झिलई असते, नाही तर पट्ट्याच्या यंत्राने पडलेल्या जाड, असमान रेघा. मूळ आडव्या रेषांवर काळाने दुसऱ्या प्रकारच्या रेषा चढवलेल्या असतात. म्यानाच्या तोंडाशी पाते घट्ट धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या असतात. खंजीर आत-बाहेर करताना त्या पात्यावर लांबीच्या दिशेने घासतात आणि वर्षानुवर्षांच्या वापराने तिथे फिकट रेघा उमटतात. पात्यावर अशा रेघा आहेत, पण त्या याच म्यानाच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत, असे आढळले तर पाते आणि म्यान यांची सोयरीक नंतर जुळवलेली आहे, असा संशय घेता येतो.

मग अक्षरे. घोषवाक्य आम्लाने कोरले जाई आणि कोरलेला भाग काळसर केला जाई. भिंगाखाली अस्सल अक्षरांच्या कडा स्वच्छ, तळ एकसारखा खरबरीत आणि काळेपणा तळात मुरलेला दिसतो. लेझरने कोरलेल्या अक्षरांच्या तळाशी समांतर ओळी दिसतात. छायाचित्रावरून तयार केलेल्या साच्याच्या कोरीव कामात कडा फुटक्या आणि खोली उथळ असते. तपासण्यासारखी आणखी एक बाब म्हणजे झीज. पात्याचा कणा बोथट झालेला, टोकाजवळची रेघन् रेघ पुसलेली आणि अक्षरांच्या कडा मात्र बोटाला जाणवाव्यात इतक्या तीक्ष्ण, हे एकाच वस्तूच्या बाबतीत संभवत नाही. रोएमची ओळ नंतर कोरलेली असेल तर ती बहुधा येथेच पकडली जाते. पुढच्या बाजूचे घोषवाक्य आणि मागच्या बाजूची ओळ यांचे वय वेगळे दिसते.

घासून काढलेल्या ओळीचेही असेच आहे. १९३४ मध्ये घासलेल्या जागी कारखान्यातील आडव्या रेषा नाहीशा होतात, पाते तिथे किंचित खोलगट होते आणि नव्या, वेड्यावाकड्या रेषा दिसतात. पण त्या रेषांवरही नव्वद वर्षे गेलेली असतात. आजूबाजूचे पोलाद करडे पडले आहे आणि घासलेला पट्टा मात्र उजळ आहे, असे दिसले तर घासणारा हात १९३४ मधला नव्हे. शिवाय ही ओळ केवळ १९३१ अखेरपूर्वी दलात असलेल्या सदस्यांसाठी होती आणि ती १९३४ च्या पहिल्या सहामाहीतच कोरली गेली. म्हणजे १९३६ नंतरच्या खुणा असलेल्या पात्यावर ती असणे अशक्य. तरीही अशी पाती विकली गेली आहेत, कारण विकत घेणाऱ्याची नजर ओळीवर खिळलेली होती.

खुणांचे हे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. सुरुवातीच्या खंजिरांवर कारखान्याचे नाव आणि चिन्ह असे. कार्ल आइकहॉर्न या कारखान्याचे चिन्ह खार हे होते. जर्मन भाषेत खारीला जे नाव आहे त्याच्याशी या आडनावाचे साम्य असल्याने हा श्लेष साधलेला. रोबर्ट क्लास यांच्या चिन्हात समोरासमोर उभे असलेले दोन पक्षी, तर हेंकेल्सच्या चिन्हात माणसांची जुळी आकृती. १९३५-३६ च्या सुमारास पक्षाच्या साहित्य नियंत्रण कार्यालयाने, ज्याची आद्याक्षरे ‘आरझेडएम’ अशी होती, ही व्यवस्था आपल्या हाती घेतली. चिन्हांच्या जागी सांकेतिक क्रमांक आले. ‘एम ७’ म्हणजे खंजिरांचा वर्ग आणि त्यापुढे उत्पादकाचा क्रमांक. आइकहॉर्नचा क्रमांक ६६. मधल्या संक्रमणाच्या काळात काही पात्यांवर जुने चिन्ह आणि नवा क्रमांक असे दोन्ही आढळतात, आणि नंतरच्या काही पात्यांवर वर्षही दिलेले असते.

आता धातूकडे वळावे. सुरुवातीच्या खंजिरांचे परज आणि म्यानाचे साज निकेल सिल्व्हरचे असत. आपल्याकडे जुन्या घरांतून ‘जर्मन सिल्व्हर’ची भांडी असत, तोच हा मिश्रधातू, नावात चांदी असली तरी तांबे, जस्त आणि निकेल यांचाच तो बनतो. त्यावर मुलामा नसतो, त्यामुळे तो झिजला तरी आतून दुसरा रंग डोकावत नाही. फक्त पिवळसर-करडी झाक येते. पुढे खर्च कमी करण्यासाठी जस्ताचे साज आणि वर निकेलचा मुलामा अशी पद्धत आली. हा मुलामा कालांतराने फुगतो, त्याला पापुद्रे सुटतात आणि आतला राखाडी जस्त उघडा पडतो. म्यानाचेही तसेच. सुरुवातीला पोलादावर रासायनिक क्रियेने तपकिरी रंग आणला जाई, पुढे सरळ रंग फासला जाऊ लागला. सुरुवातीच्या खंजिरांच्या खालच्या परजावर मागील बाजूस दलाच्या प्रादेशिक विभागाची आद्याक्षरे ठोकलेली असत. नंतरच्या काळात ती बंद झाली.

या सगळ्या तपशिलाचे मर्म एकेका खुणेत नसून त्यांच्या आपसातील मेळात आहे. खारीचे चिन्ह असलेले पाते, निकेल सिल्व्हरचे परज, विभागाची आद्याक्षरे आणि रासायनिक तपकिरी म्यान हे एका काळाचे कुटुंब आहे. सांकेतिक क्रमांकाचे पाते, मुलाम्याचे जस्त आणि रंगवलेले म्यान हे दुसऱ्या काळाचे. या दोन कुटुंबांतील माणसे एका घरात आढळली की चौकशी करावी. बनावट वस्तू करणारा एखादा भाग फार हुबेहूब घडवू शकतो. उत्कृष्ट पाते, उत्कृष्ट गरुड त्याला साधतो. पण घडण, खुणा, धातू, झीज आणि गंज या पाचही साक्षीदारांची जबानी एकच यावी, हे त्याला सहसा साधत नाही. अनुभवी संग्राहक म्हणूनच एखाद्या खुणेने हुरळत नाही आणि एखाद्या उणिवेने खंजीर फेकूनही देत नाही. कारखाने खासगी होते, कामगार माणसेच होती, जुने साठे संपेपर्यंत वापरले जात. त्यामुळे थोडाफार सरमिसळीचा काळ अस्सल वस्तूंतही असतो.

मुठीकडे पाहताना हीच समज कामी येते. लाकडी मूठ कारखान्यात हाताने घासून दोन्ही परजांमध्ये चपखल बसवली जाई. बोट फिरवले तर लाकूड आणि धातू यांच्या सांध्याशी पायरी लागू नये, अशी त्यात बारकाई असे. पण लाकूड दशकानुदशके आटते. तेव्हा केसभर फट हा दोष नव्हे. परजाच्या कडेपेक्षा मूठ स्पष्ट बाहेर आलेली वा आत दबलेली असेल तर ती मूठ दुसऱ्या खंजिरासाठी घडवलेली असण्याची शक्यता अधिक. गरुडाच्या बाबतीत त्याच्याभोवतीची खोबण पाहावी. अस्सल कामात लाकूड पंखांच्या कडेला बिलगलेले असते; नकली कामात खोबण ढिली असते आणि ती भरण्यासाठी लांबी किंवा डिंक वापरलेला असतो. हात वर्षानुवर्षे जिथे पडतो तिथे, म्हणजे गरुडाच्या डोक्याशी आणि छातीशी, झीज अधिक असावी. सर्वत्र सारखी झीज ही हाताची नव्हे, यंत्राची किंवा रसायनाची.

लष्करी अधिकाऱ्यांच्या १९३५ च्या नमुन्यात प्रश्न निराळा आहे. त्याच्या मुठीवर बहुधा सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या चित्रपटांच्या फितीचा पदार्थ, चढवलेला असे. पांढऱ्यापासून गडद नारिंगीपर्यंत त्याच्या छटा आढळतात. बोटाने जोराने चोळून ऊब आणली की सेल्युलॉइडला कापराचा वास येतो, कारण ते करताना कापूर वापरला जातो. आजच्या राळेच्या मुठीला तो येत नाही. तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी पद्धत मात्र मूर्खपणाची आहे. सेल्युलॉइड भडकन पेट घेते, आणि खंजीर अस्सल निघाला तर त्याला पडलेले भोक कायमचे.

शास्त्रीय साधनांचाही उपयोग होतो, पण मर्यादेत. सोन्याची शुद्धता तपासण्यासाठी आपल्याकडे सराफांकडे आणि हॉलमार्किंग केंद्रांत क्ष-किरणांचे जे यंत्र असते, त्याच तत्त्वाचे यंत्र परजाचा धातू न ओरखडता त्यातील तांबे, जस्त, निकेल यांचे प्रमाण सांगते. त्यातून ‘हा धातू त्या काळच्या प्रथेशी जुळतो की नाही’ एवढे कळते. धातू कधी ओतला हे कळत नाही. अतिनील प्रकाशाखाली खंजिराला बांधलेल्या गोंड्याचे धागे निळसर पांढरे चकाकले तर त्यात युद्धोत्तर काळातील शुभ्रतावर्धक रसायन असण्याची शक्यता असते. अर्थात गोंडा जुना आणि नंतर कोणी तो आधुनिक धुलाई पावडरने धुतला, असेही घडू शकते.

शुभ्रतावर्धक रसायनावरून एका प्रसिद्ध प्रकरणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. एप्रिल १९८३ मध्ये ‘श्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचा गवगवा केला. पुढच्याच महिन्यात जर्मन संघीय अभिलेखागाराच्या तपासणीत त्या बनावट ठरल्या. कागदात युद्धानंतर वापरात आलेले शुभ्रतावर्धक आढळले, हा त्यातील एक निर्णायक पुरावा होता. या रोजनिश्या लिहिणारा कोनराड कुयाऊ मूळचा नाझी काळातील लष्करी वस्तूंचाच व्यापारी होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. त्याची सुरुवातीची युक्ती साधी होती. वस्तू अस्सल, पण सामान्य. तिच्यासोबतची चिठ्ठी बनावट आणि असामान्य. पहिल्या महायुद्धातले एक साधे शिरस्त्राण त्याने ते हिटलरने घातल्याच्या बनावट चिठ्ठीसह विकले होते. शिरस्त्राण कितीही तपासले तरी ते अस्सलच निघणार होते.

खंजिरांच्या बाजारात आजही सर्वाधिक फसवणूक याच मार्गाने होते. ‘आजोबांनी युद्धातून आणला’ हे वाक्य जगाच्या पाठीवर कुठेही ऐकू येते. ते खोटेच असते असे नव्हे. दोस्त सैन्यातील असंख्य सैनिकांनी युद्धाच्या अखेरीस असे खंजीर खरोखरच घरी नेले. मराठा पलटणीचे जवान १९४३ ते १९४५ या काळात इटलीत जर्मन फौजांशी लढले; नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना तिथल्याच पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या घरात अशी वस्तू निघणे अशक्य कोटीतले नाही. पण कथा आणि वस्तू यांची तपासणी वेगवेगळी व्हावी लागते. सैनिकाची सेवापुस्तिका, त्या काळचे पत्र, वस्तूसह काढलेले छायाचित्र असे काही असेल तर कथेला आधार मिळतो. नसेल तर वस्तूची किंमत वस्तूइतकीच.

शिवाय सैनिकाने स्वतः आणलेली वस्तूदेखील पूर्ण अस्सल असेलच असे नाही. १९४५ मध्ये झोलिंगनच्या कारखान्यांत सुट्या भागांचे साठे पडून होते आणि दारात खिशात पैसे असलेले विजयी सैनिक उभे होते. शिल्लक भाग जोडून त्यांना आठवण म्हणून खंजीर विकले गेले. पुढेही अनेक वर्षे हे उरलेले भाग व्यापाऱ्यांच्या हाती फिरत राहिले. अशा खंजिरातील प्रत्येक भाग त्या काळचा, त्याच शहरातला आणि कधी कधी त्याच कारखान्यातला असतो. पण तो कोणाच्याही कमरेला कधी लटकलेला नसतो. त्याला अस्सल म्हणावे की नाही, यावर संग्राहकांत आजही एकमत नाही. निर्मळ व्यवहाराची अपेक्षा एवढीच, की विकणाऱ्याने जे आहे ते सांगावे.

ब्रिटिश कमांडोंच्या खंजिराची कथा याच्या नेमकी उलट आहे. शांघायच्या पोलीस दलात वर्षानुवर्षे काम केलेल्या फेअरबेर्न आणि साइक्स या दोन अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर १९४० मध्ये लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीशी चर्चा करून तो ठरवला आणि जानेवारी १९४१ मध्ये पहिले खंजीर तयार झाले. हे मिरवण्याचे नव्हे, मारण्याचे हत्यार होते. पहिल्या नमुन्याचे परज इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळलेले, दुसऱ्याचे सरळ, आणि १९४३ मध्ये आलेल्या तिसऱ्याची मूठ ओतीव मिश्रधातूची, कड्या-कड्यांची. एकेका नमुन्यागणिक वस्तू स्वस्त आणि झटपट होत गेली. या खंजिराचे उत्पादन युद्धानंतरही शेफील्डमध्ये चालूच राहिले. त्यामुळे तिसऱ्या नमुन्याचा खंजीर बनावट नसूनही युद्धकालीन नसतो, असा प्रकार सर्रास आढळतो. परजावर ‘इंग्लंड’ असे ठोकलेले असेल तर तो बहुधा युद्धोत्तर व्यापारी माल समजावा. उलट सरकारी तपासनीसाची बाणाची खूण आणि मुठीच्या माथ्याजवळचा साच्याचा एकअंकी क्रमांक या युद्धकाळाकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी आहेत. येथे नेटकेपणाचा निकषही पालटतो. युद्धकाळातील पाती हाताने घासलेली असल्याने त्यांचा कणा जरासा वाकडा, दोन्ही बाजू किंचित विषम असतात. जर्मन खंजिरात जी ढिलाई संशयास्पद, ती येथे दिलासा देणारी ठरते.

नाटक, चित्रपट आणि युद्धप्रसंगांची हौशी पुनर्दर्शने यांच्यासाठी भारतासह अनेक देशांत या खंजिरांच्या प्रतिकृती उघडपणे बनतात आणि त्यात गैर काही नाही. प्रतिकृती बनावट ठरते ती तिच्यावरची ‘प्रतिकृती’ ही खूण घासली गेल्यावर. मग चहाचे पाणी, मीठ, अमोनिया यांचे प्रयोग होतात. अशा उपायांनी आणलेला जुनेपणा सगळीकडे सारखा पसरतो आणि खाचाखोचांत नारिंगी ताजा गंज दिसतो. खरा जुना गंज गडद, घट्ट आणि अनियमित असतो.

या वस्तूंभोवती कायद्याचेही कुंपण आहे. जर्मनीत नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन हा दंडसंहितेच्या कलम ८६ अ खाली गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, इतिहास यांसाठी अपवाद आहेत आणि लिलावाच्या पुस्तिकांत स्वस्तिक झाकून छायाचित्रे छापली जातात. पात्यावरचे ते घोषवाक्यही निव्वळ इतिहासजमा झालेले नाही. मे २०२४ मध्ये हाले येथील न्यायालयाने ब्यॉर्न ह्योके या जर्मन राजकारण्याला भाषणात ते तीन शब्द वापरल्याबद्दल १३ हजार युरोंचा दंड ठोठावला. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी शंभर वर्षे व्हावी लागतात. दुसऱ्या महायुद्धातले खंजीर अजून त्या वयाचे नाहीत. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत मात्र धारदार शस्त्रेही येतात आणि ती आयात करण्यासाठी परवान्याची तरतूद आहे. परदेशी लिलावातून खंजीर मागवण्यापूर्वी हे तपासलेले बरे, नाही तर अस्सलपणाचा निर्णय सीमाशुल्क खात्याच्या गोदामात पडून राहायचा.

घरात असा खंजीर निघालाच, तर पहिला मोह असतो तो घासूनपुसून लखलखीत करण्याचा. पितांबरी, वाळूचा कागद किंवा चिंच यांपैकी काहीही त्यावर फिरवू नये. आडव्या रेषा, अक्षरांतील काळेपणा आणि रोएमच्या ओळीचे उरलेसुरले अवशेष पाच मिनिटांत नाहीसे होतात. माथ्याची चाकी पकडीने फिरवू नये, कारण जुने लाकूड तडकते. पाते म्यानात दीर्घकाळ ठेवू नये. आतल्या दमट हवेने, विशेषतः मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, गंज वेगाने चढतो. पात्याला खनिज तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि दोन्ही बाजूंची, सर्व खुणांची, परजाच्या मागच्या बाजूची आणि म्यानाच्या तोंडाची छायाचित्रे दिवसाउजेडी घ्यावीत. जाणकाराला दाखवताना ‘हा खरा आहे का’ असे विचारण्याऐवजी ‘यातला कोणता भाग कधीचा आहे’ असे विचारले तर अधिक नेमके उत्तर मिळते.